अठ्ठावीस चित्रं आणि एक रुमाल

त्या दिवशी सकाळपासून आभाळ भरलेलं, पण पाऊस पडायचं नाव नाही. वारा ठार बंद. दोरीवरचे कपडे धड ओले नाहीत, धड सुके नाहीत. अशा हवेत म्हाताऱ्या माणसानं गप पडून राहावं. पण आजोबांना ते कधी जमलंच नाही.

चाळीस वर्षं त्यांनी गोदामात खोकी भरली होती. (शाळेची पायरी चढले नाहीत; पण खोक्यात रिकामी जागा दिसली की जीव कळवळायचा.) घरात सूनबाईचं भरतकामाचं मशीन होतं. चित्र त्याच्या पोटात साठवायचं, की सुई आपसूक ते कापडावर काढायची. बालवाडीचे तीस रुमाल उद्या सकाळी द्यायचे होते. पोरांना वाचता येत नाही, म्हणून प्रत्येकाच्या रुमालावर वेगळं चित्र. सूनबाईचं हे पहिलंच मोठं काम. आठ दिवस खपून तिनं चित्रं केली, अठ्ठावीस आत घातली, आणि मशीन अडलं. जागा संपली!

“एवढ्याशा चित्रांनी याचं पोट भरलं?” आजोबांनी विचारलं.

“बाबा, आत सगळे सारखे कप्पे आहेत. अंगठ्याएवढं बदक ठेवलं तरी अख्खा कप्पा अडतो.”

“म्हणजे एका बटणाला एक खोकं? आमच्या मुकादमानं हाकलून दिलं असतं!”

“हात लावू नका हं. मी दोरा घेऊन आलेच.”

हात लावायचा नाही, हे आजोबांनी मान्य केलं. एक बोट तेवढं लावलं. पडद्यावर दोन चौकोन एकमेकांत शिरल्याचं चित्र होतं. ते दाबून त्यांनी बदक, छत्री, चंद्र, सगळी बिऱ्हाडं एकाच खोक्यात घातली. मशीननं काहीतरी लिहून विचारलं. हिरवं बटण म्हणजे हो, एवढं त्यांना ठाऊक होतं. दाबलं. कप्पे भराभर मोकळे झाले! त्या आनंदात त्यांनी एक रुमाल लावला आणि मशीन सुरू केलं.

सुईनं तांबडं बदक काढलं. छान. मग बदकावर छत्री काढली. छत्रीवर चंद्र. चंद्रावर बैल. आजोबांनी थांबवायचं बटण शोधलं. सापडलं ते वेग वाढवायचं.

सूनबाई आली तेव्हा रुमाल चपलेच्या तळव्यासारखा जाड झाला होता.

“बाबा! सुटी चित्रं कुठायत?”

“मशीननं काही विचारलं... मी हो म्हटलं.”

सूनबाई मटकन खाली बसली. “पुसू का, असं विचारत होतं ते!”

आजोबांनी कपाळावर हात मारला. पोरीची आठ दिवसांची मेहनत! तिनं उठून ते एकत्र केलेलं चित्र उघडलं, सुटं करून पाहिलं. बदक बाहेर आलं. पाठोपाठ छत्री. मग चंद्र. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस धडधाकट! दोघांनी एकदमच श्वास सोडला. राहिलेली दोनही त्याच खोक्यात मावली.

“युक्ती चांगली आहे, बाबा,” सूनबाई डोळे पुसत हसली. “फक्त खोकं न फोडता माल गिऱ्हाइकाच्या अंगावर घालू नका.”

सुईच्या खडखडाटानं शेजारच्या काकू डोकावल्या. त्यांनी तो जाड रुमाल उचलला, चेपून पाहिला आणि म्हणाल्या, “आजोबा, गरम पातेलं उतरवायला झकास आहे हो हे! पण एकानं भागायचं नाही, अजून एकदा चुका की!”