लाकडी बैल जिना चढत नाही

पहिल्याच भेटीत पांढरीपांडे काकांनी मला मारून टाकलं. मी बँकेच्या बदलीवर पुण्याहून जबलपूरला आले होते. नेपियर टाउनमधल्या आमच्या इमारतीच्या जिन्याशी सामानाची वाट पाहत उभी होते. तळमजल्यावरच्या दारातून एका सडपातळ गृहस्थांनी मला नीट न्याहाळलं आणि ते म्हणाले, "मराठी काय? अच्छा. मंग तुम्ही इंटरवलच्या आधी मरता."

काका इथल्याच खमरियाच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर माणसं कुंड्यांना पाणी घालतात, गुडघ्यांचे व्यायाम करतात. काका भुताचा सिनेमा काढत होते, डोक्यातल्या डोक्यात. गोष्ट एवढीच, की तान्ह्या पोळ्याच्या दिवशी एक लाकडी बैल जिवंत होतो आणि मोहल्ल्यातली माणसं एकामागून एक खलास होतात.

तान्हा पोळा म्हणजे काय, हेच मला ठाऊक नव्हतं. काकांना माझी कीव आली.

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी असतो, मॅडम. चाकांचे लाकडी बैल सजवून लहान पोरं दोरीनं ओढत घरोघरी नेतात. लोक बैलाला ओवाळतात अन् पोरांना बोजारा देतात. म्हणजे खाऊ-बिऊ. आमच्या खमरियाच्या क्वार्टर्समध्ये तर रांग लागायची."

सिनेमा कमी खर्चाचा असणार, यावर काका ठाम होते. रक्ताच्या जागी गुलाबाचं सरबत, कारण उरलं तर पिता येतं. धुकं उदबत्त्यांचं. धबधब्यावरचा प्रसंग खर्चिक म्हणून रद्द होऊन नर्मदेकाठच्या ग्वारीघाटावर आला. "तिथे संध्याकाळच्या आरतीला गर्दी फुकट मिळते," असा त्यांचा हिशेब.

बैल चाकांचा, त्यामुळे तो जिना चढू शकत नाही. ही अडचण मी पहिल्याच दिवशी मांडली. मी दुसऱ्या मजल्यावर राहते, मग मी मरते कशी?

"तुम्ही घाबरून गच्चीवर पळता. वाळत घातलेली साडी तुमच्याच पायात येते. खेल खतम."

काकांच्या समोरच्या घरातले तिवारीजी स्वतःच्याच गळक्या पाइपाच्या पाण्यावरून घसरून जातात. तिवारी आंटी ओरडायला तोंड उघडतात आणि तोंडातला लाडू घशात अडकतो. दोघंही हे मरण मोठ्या हौसेनं ऐकत. तिवारीजी तर अधूनमधून घासाघीसही करत. "भैया, मुझे इंटरवल के बाद मारो ना. रिश्तेदार देखने आएँगे." काका विचार करून म्हणत, "देखेंगे. पाइप ठीक मत करवाना."

एकच गोष्ट काका सांगत नसत. बैल हे सगळं का करतो? विचारलं की ते चष्मा पुसायला घेत. "ते शेवटी कळते. अन् शेवटच जमून नाही राहिला." बाकी सगळ्यांची मरणं चोख तयार असताना शेवटाचं नाव काढलं की ते विषय बदलत. हे मला चमत्कारिक वाटायचं, पण सिनेमावाल्यांच्या कामात आपण नाक खुपसू नये म्हणून मी सोडून देत असे.

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बँकेतून परतले, तर काकांचं दार सताड उघडं. उंबऱ्यात बैल उभा. शिंगं ताजी रंगवलेली, गळ्यात घुंगरू, पाठीवर जरीच्या जुन्या ब्लाउजपीसची झूल. दोरी उंबऱ्याबाहेर सरळ करून ठेवलेली. आत खुर्चीवर काका इस्त्रीच्या शर्टात बसलेले, शेजारी झाकलेलं ताट.

"शूटिंग आहे का आज?" मी विचारलं.

"नाही हो. दरसाल ठेवतो. कोणी येते का, पाहून राहिलो." मग म्हणाले, "लेकीसाठी केला होता मी, मीनूसाठी. खमरियाच्या साऱ्या गल्ल्या हिंडवायची. तिची आई मागे मागे. आता आई नाही, अन् मीनू बेंगलोरला. सकाळी नातीला फोनवर दाखवला. ती विचारते, नानाजी, ये चलता है क्या? मी म्हटलं, चलता है बेटा, कोई खींचे तो."

मी बैलाकडे पाहत राहिले. माझी साडी, तिवारीजींचा पाइप, आंटींचा लाडू. हा प्राणी एकदाही कुणाला शिंग लावत नाही.

"काका, हा तर कुणाला मारतच नाही."

"तो काहून मारेल?" काका जरा दुखावूनच म्हणाले. "कोणी न्यायला आलं नाही म्हणून बिचारा एकटा निघते. बोजारा मागायला. लोकच घाबरून पळतात."

मी पर्स जिन्यावर ठेवली, चपला काढल्या आणि दोरी उचलली. चाळिशीतली बँक मॅनेजर बैल ओढत आवारातून निघाली. चाकं अशी करकरली, की तिवारी आंटी आपणहूनच बाहेर आल्या. त्यांना काही समजलं नाही, पण देव दिसला की ओवाळायचं एवढं त्यांना पक्कं ठाऊक. टिळा लावला, पेढा दिला. तिवारीजी लांबूनच म्हणाले, "मैडम, पाइप से बचके."

परत आले तेव्हा काका ताट घेऊन दारात उभे होते. त्यांनी बैलाला ओवाळलं. मग माझ्या तळहातावर बेसनाचा लाडू ठेवला आणि लहान मुलीला सांगावं तसं म्हणाले, "घ्या. बोजारा."

"मग काका, शेवट जमला?"

"जमेल." त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "पण तुम्हाला आता मारता नाही येणार, बेटा. पुढच्या साली ओढायला कोणी पाहिजे ना."