डाव्या कडेची बाई

"नीट बघ आणि सांग, काच बदलायची की अशीच चालवायची?" असं म्हणून एजंटने फोन बायकोच्या हातात दिला आणि तो बुटाची नाडी सोडायला बसला.

घरं भाड्याने लावून देण्याच्या धंद्यात त्याची वीस वर्षं गेली होती. चौथ्या मजल्यावरचा एक फ्लॅट वर्षभर रिकामा पडला होता. सकाळी त्याचे फोटो काढायला तो जिना चढत होता, तेव्हा त्याचा खांदा कठड्याच्या खांबाला आपटला. फोन हातातून सुटला आणि अर्धा जिना गडगडत खाली गेला. पुढची काच वाचली, पण मागे कॅमेऱ्यावर केसाएवढा तडा गेला. तशाच फोनने त्याने सगळ्या खोल्यांचे फोटो काढले. ते काढायची त्याची पद्धत ठरलेली होती. कोपऱ्याला पाठ लावायची, हात डोक्यावर उंच धरायचा आणि कॅमेरा जास्त रुंद टिपणाऱ्या 'वाइड'वर टाकून अंदाजाने बटण दाबायचं. त्यामुळे खुराडंसुद्धा दिवाणखान्यासारखं दिसतं.

बायको शाळेत गणित शिकवायची. तपासायच्या वह्या बाजूला सारून तिने फोटो बोटांनी मोठे केले.

"ही कोण?"

"कोण ही?"

"ही. डाव्या कडेची. गाऊनमधली."

एजंट एका पायात बूट घालून लंगडत आला. बाहेरच्या खोलीच्या फोटोत, डाव्या कडेला, खिडकीजवळ एक बाई उभी होती. फिकट गाऊन, केस घट्ट मागे बांधलेले. एक खांदा विचित्र लांबलेला, जणू तिला कुणीतरी कडेतून बाहेर ओढत होतं. ती थेट कॅमेऱ्याकडे बघत होती.

त्याने पुढचा फोटो उघडला. स्वयंपाकघर. ती बेसिनपाशी उभी. निजायची खोली. ती कपाटाला लागून. बाल्कनीच्या फोटोत तर तिने कमरेवर हात ठेवले होते.



"तिथे कोणी नव्हतं," तो कसाबसा म्हणाला. "कुलूप मी उघडलं. आत मी एकटा होतो."

"तुम्ही एकटे, आणि ही चार ठिकाणी चार वेळा?"

"अगं, शप्पथ सांगतो..."

"फ्लॅट रिकामा. किल्ली तुमच्याकडे. बाई घरच्या गाऊनमध्ये." बायकोने एकेक बोट दुमडलं. "दिलेल्या माहितीवरून काय सिद्ध होतं, ते आमच्या सातवीतली मुलंसुद्धा सांगतील."

"काच तडकलीये ना! तड्यामुळे प्रकाश फाकतो, काहीतरी भलतंच उमटतं."

"तडा गाऊन घालतो?"

बायकोने लगेच प्रयोग मांडला. तिने कोऱ्या भिंतीचा फोटो काढला. वरच्या कोपऱ्यात एक बारीक करडी रेघ आली, बाकी भिंत स्वच्छ.

"आपल्या घरी नाही येत ती," बायको म्हणाली. "तिला रिकामाच फ्लॅट लागतो." आणि ती वह्या तपासायला बसली. त्या संध्याकाळी लाल शेरे जरा जास्तच जोरात पडत होते.

एजंटला काही सुचेना. काच खराब असेल, तर तो निर्दोष होता. काच चांगली असेल आणि बाई खरी असेल, तर संसाराचं काही खरं नव्हतं. आणि काच चांगली असून बाई खरी नसेल, तर? तिसऱ्या शक्यतेपाशी त्याचं मन पोचायचं आणि चटका बसल्यासारखं मागे यायचं. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात, तशी त्याला आता फुटकी काच मऊ वाटायला लागली होती.

सकाळी दुकान उघडायच्या आधीच तो मोबाईल दुरुस्तीवाल्याच्या पायरीवर उभा होता. दुरुस्तीवाला बारीक आवाजात बोलणारा, सावकाश माणूस. त्याने डोळ्याला भिंग लावलं, फोन दिव्याखाली फिरवला, मऊ फडक्याने पुसला आणि पुन्हा भिंग लावलं.

"वरच्या काचेला कडेला तडा आहे. आतली लेन्स ठणठणीत आहे. धूळ नाही, ओल नाही. काही करायची गरज नाही."

"असं कसं? नीट बघा. खराबच असणार."

"नाही हो."

"थोडीतरी?"

दुरुस्तीवाल्याने भिंग काढलं. "साहेब, लोक माझ्याकडे येतात आणि म्हणतात, काही झालं नसू दे. खराब आहे म्हणा असं विनवणारे तुम्हीच पहिले."

"एका कागदावर लिहून द्याल का, लेन्स खराब आहे म्हणून? घरी दाखवायचंय."

"ते नाही जमणार." मग एजंटचा चेहरा बघून तो जरा विरघळला. "काय झालंय ते तरी दाखवा."

त्याने फोटो एकेक करून मोठे केले. "खांदा लांबलाय तो वाइडमुळे. कडेला असलेलं सगळं ताणलं जातं," तो म्हणाला. "पण ताणलं जायला आधी कुणीतरी असावं लागतं."

"आता काय करायचं?" एजंटने विचारलं.

"एक साधी परीक्षा सांगतो. त्याच जागी जा. एक फोटो उभ्या फोनने काढा, एक आडव्या. दोष फोनमध्ये असेल, तर तो फोनबरोबर फिरतो. फोन आडवा केला की बाईसुद्धा आडवी. पण ती जर उभीच राहिली..." त्याने वाक्य तसंच सोडलं आणि फोन दोन बोटांत धरून परत केला.

फ्लॅटच्या मालकांना संध्याकाळपर्यंत स्वच्छ फोटो हवेच होते. त्यामुळे जाणं भाग होतं. भर दुपारी एजंटने त्या फ्लॅटचं कुलूप उघडलं. सवयीने त्याने दिवे लावले, बाथरूमचा नळ सोडून बघितला. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. फरशी ओली होती.

वर्षभर बंद असलेल्या घरातली फरशी ओली का, हा प्रश्न त्याच्या मनात आला आणि त्याने तो तिथेच गाडला. पडदे नसलेल्या खोलीत त्याचाच श्वास मोठा ऐकू येत होता. "कोणी आहे का?" असं विचारावंसं वाटलं, पण उत्तर आलं तर काय करायचं, ते ठरलं नव्हतं. कोपऱ्याला पाठ लावून त्याने हात वर केला. फोन उभा, बटण. फोन आडवा, बटण. समोर रिकामी खोली, रिकामी भिंत. त्याने फोन खाली आणला.

पहिल्या फोटोत ती होती. डाव्या कडेला, कालच्यापेक्षा जवळ.

दुसऱ्या फोटोत ती उभीच होती. आणि आणखी जवळ.

एजंटची पाचावर धारण बसली. मान वळवून बघावं, तर मान ऐकेना. त्याने डोळे गच्च मिटले, हात पुन्हा वर केला आणि अंगठ्याने बटण दाबलं. मग एकच डोळा किलकिला करून बघितलं. ती हातभर अंतरावर होती. तिने हात पुढे केला होता आणि तिचं तोंड उघडं होतं.

त्याच क्षणी त्याच्या डाव्या कानाशी, कोऱ्या हवेतून, आवाज आला, "अहो साहेब..."

पुढचं त्याला धड आठवत नव्हतं. फोन पडल्याचा आवाज आठवत होता. दाराच्या चौकटीवर डावी बाजू आपटली, तेही आठवत होतं. चार मजले तो कसे उतरला, ते त्याच्या गुडघ्यांनाच ठाऊक.

घरी पोचला तेव्हा बायको शाळेतून नुकतीच आली होती. त्याचा अवतार बघून ती क्षणभर राग विसरली.

"काय झालं? फोन कुठाय?"

"ति... तिच्याकडे."

राग परत आला. "तिच्याकडे?"

"अगं, ती बोलली माझ्याशी! ती उभीच राहिली गं, फोन आडवा केला तरी!"

बायकोने स्वतःच्या फोनवरून त्याचा नंबर लावला आणि आवाज मोठा केला. दोनदा वाजला. तिसऱ्यांदा उचलला गेला.

"हॅलो," पलीकडून बाईचा आवाज आला.

एजंट मटकन खुर्चीत बसला. भुतं कधीपासून फोन घ्यायला लागली!

"कोण बोलतंय?" बायकोने धारदार आवाजात विचारलं.

"मी बोलतेय. तुमचे यजमान फोन टाकून पळाले. लाइट चालू, नळ चालू, दार सताड उघडं. माणूस आहे का काय!"

"तुम्ही तिथेच थांबा," बायको म्हणाली. "आम्ही येतोय." फोन ठेवून तिने चपला घातल्या. "चला. भूत असेल तर मी माफी मागेन. दुसरं कोणी निघालं, तर तुम्ही मागायची."

चौथ्या मजल्यावर दारातच, हातात फरशी पुसायचा पोछा घेऊन, अनवाणी, फिकट गाऊनमध्ये ती उभी होती. बायकोने तिला आपादमस्तक न्याहाळलं. एजंट बायकोच्या मागे होता.

"तुम्ही कोण?"

"मी केअरटेकर. तीन महिने झाले इमारतीत लागून. रिकामे फ्लॅट पुसते, झाडते, कोण येतं-जातं त्यावर नजर ठेवते. एक किल्ली माझ्याकडेही असते. हे आले की मी मागोमाग येते. लाइट बंद करत नाहीत हो!"

"मग बोलला का नाहीत?" एजंट मागूनच ओरडला. "माणूस मेला असता!"

केअरटेकर बाईने कमरेवर हात ठेवले. "मी का बोलू? पहिल्या दिवसापासून हात जोडून नमस्कार करतेय. शेजारी उभं राहून करतेय. एकदा तरी मान हलवलीत? भिंतीकडे बघावं तसं माझ्याकडे बघून निघून जाता. म्हटलं, एवढा माज असेल तर आपणही नाही बोलायचं. आज तेवढं राहवलं नाही, कारण नळ वाहत होता."

"पण तुम्ही नव्हतातच!"

"इथे उभी होते मी," ती म्हणाली, दोघांना आत खोलीत घेऊन गेली आणि त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली. "अशी."

एजंट समोर बघत होता. त्याला समोर खिडकी दिसत होती, खिडकीशेजारी भिंत दिसत होती. बाई नव्हती.

बायकोच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू उतरला आणि त्या जागी दुसरंच काहीतरी आलं. ती सावकाश म्हणाली, "समोर बघा. मान हलवू नका. माझा हात दिसला की सांगा."

तो थांबला. बराच वेळ थांबला. "आण ना हात."

"आणलाय," बायको म्हणाली. "केव्हाचा आणलाय."

आणि मग त्याच्या नाकासमोर, भिंतीतून बाहेर यावीत तशी, तिची पाच बोटं आली.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला एका यंत्रासमोर बसवलं आणि प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायला सांगितलं. उजवीकडच्या ठिपक्यांना त्याने पटापट बटणं दाबली. मग बराच वेळ काहीच आलं नाही. "यंत्र बंद पडलं का?" त्याने विचारलं. "नाही, चालूच आहे," त्या म्हणाल्या. छापून आलेल्या कागदावर डावी बाजू शाई सांडल्यासारखी काळी होती.

"काचबिंदू," त्या म्हणाल्या. "दुखत नाही, खुपत नाही. चोरपावलांनी येतो. सहसा तो दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूने येत नाही, पण तुमच्या दोन्ही डोळ्यांची डावीकडची नजर बरीच गेलीये. गंमत अशी, की तिथे काळं दिसत नाही. मेंदू आजूबाजूचं बघून ती जागा भरून टाकतो. भिंत असेल, तर भिंत पुढे वाढवतो."

"आणि तिथे माणूस असेल तर?"

"तरी भिंतच."

गेलेली नजर परत येणार नव्हती. उरलेली टिकवायला रोज न चुकता थेंब घालायचे होते, जन्मभर. "आणखी सहा महिने लागले असते, तर कठीण होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कसं लक्षात आलं तुमच्या?"

"फोनची काच तडकली," एजंट म्हणाला. त्या पुढच्या खुलाशाची वाट बघत राहिल्या, पण त्याला कुठून सुरुवात करावी ते कळेना.

फोनची काच तशीच राहिली. दुरुस्तीवाला बरोबर होता, तिला काही झालं नव्हतं. एजंट मात्र रस्त्याने जाताना धसका बसल्यासारखा दर चार पावलांनी मान डावीकडे वळवत होता. दर वेळी तिथे कुणीतरी असायचं. सायकलवाला, शेजारी, एक कुत्रं. आजवर आपण किती माणसांवर भिंती बांधल्या असतील, या विचाराने त्याला फ्लॅटमध्ये वाटली नव्हती एवढी भीती वाटली.

घरी दोघं जेवायला बसली. बायकोने ताटं वाढली.

"एक विचारू?" ती म्हणाली. "मी जेवताना तुमच्याशी बोलत नाही, हे तुम्हाला माहीतये ना?"

"कधीपासून?"

"चार महिने! मी उपमुख्याध्यापिका झाले ते सांगितलं, तेव्हा तुम्ही 'बरं' म्हणालात आणि पाणी प्यायलात. त्या दिवसापासून मी इथे, तुमच्या डाव्या हाताला, रोज तोंड फुगवून बसते. सुस्कारे टाकते. एकदा तर रडलेसुद्धा."

एजंटने घास हातातच धरून मान पूर्ण वळवली. "मला वाटलं," तो चाचरत म्हणाला, "आपलं आता छान जमलंय. इतकी शांत जेवणं."

बायको त्याच्याकडे बघत राहिली. हसावं की रडावं, हे तिचं ठरत नव्हतं. मग ती उठली. ताट, वाटी, पाण्याचा पेला एकेक उचलून तिने टेबलाला वळसा घातला आणि त्याच्या उजव्या हाताच्या खुर्चीवर बसली. पदर सारखा केला, गाल फुगवले, तोंड फिरवलं आणि एक लांब सुस्कारा टाकला.

"दिसतंय?"

"स्वच्छ."

"मग विचारा."

त्याने घास ताटात परत ठेवला. "काय झालं गं?"

बायकोने दीर्घ श्वास घेतला आणि चार महिन्यांपूर्वीच्या सोमवारपासून सुरुवात केली.