हेलिकॉप्टर मागे जाईना

गाडी इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये उभी होती, काचा बंद होत्या, आणि कानसेन मागच्या सीटवर गुडघे टेकून दाराला कान लावून बसले होते. दारातून काही ऐकू येत नव्हतं. पुढे डॅशबोर्डापाशी मात्र एक हेलिकॉप्टर घरघरत होतं आणि काही केल्या मागे यायला तयार नव्हतं.

कानसेन हे नाव त्यांना सासुरवाडीने ठेवलं होतं. चिडवायला ठेवलं होतं, पण गृहस्थ ते पदकासारखं मिरवायचे. नोकरी फरशांच्या कंपनीत, वितरण विभागाचे प्रमुख. बसवलेल्या फरशीवर बोटाच्या पेराने टकटक करायची आणि "पोकळ आहे, काढा" म्हणायचं, यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. ज्याला फरशी कळते त्याला संगीतही कळतं, असा त्यांचा स्वतःचाच एक सिद्धांत होता. आता फरशीचा आणि संगीताचा संबंध काय, हे विचारायची सोय नव्हती. विचारणाऱ्याच्या कानाचीच ते कीव करायचे. जगात दोन प्रकारची माणसं असतात, कान असलेली आणि नुसतीच ऐकणारी, आणि पहिल्या प्रकारात आपण जवळजवळ एकटेच आहोत, याची त्यांना खात्री होती.

गाडी त्यांनी घेतली ती या कानांसाठी. इंजिन कसं आहे, डिकी केवढी आहे, यातलं काही विचारलं नाही. शोरूममधल्या विक्रेत्याने त्यांना आत बसवलं, एक बटण दाबलं, आणि बॉनेटवरून एक हेलिकॉप्टर उठलं, डोक्यावरून गेलं आणि मागच्या काचेपलीकडे उतरलं. कानसेनांनी मान वळवून खरंच मागे पाहिलं. छतात स्पीकर, दारांत स्पीकर, मागच्या खांबांत स्पीकर. तिथल्या तिथे सही झाली.

"अहो, गाडीत बसून कुठेतरी जायचं असतं," बायको म्हणाली होती. "ऐकत काय बसायचं? साधी घेतली असती तर चाललं नसतं का?"

बायकोला कान नव्हते, हे त्यांनी लग्नानंतर लवकरच ठरवून टाकलं होतं.

पण खरं कारण वेगळंच होतं. खरं कारण होतं साडू. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. या साडूने घरात एक अख्खी खोली गाण्यासाठी ठेवली होती, भिंतींना जाड पडदे, मधोमध एक आरामखुर्ची आणि चहूबाजूंना माणसाच्या उंचीचे स्पीकर. आणि या माणसाने आयुष्यात कानसेनांच्या कुठल्याच गोष्टीला दोन शब्दांपलीकडे दाद दिली नव्हती. नवं घर दाखवलं, साडू म्हणाला, "ठीक आहे." बढतीची बातमी दिली, साडू म्हणाला, "ठीक आहे." मुलगी विद्यापीठात पहिली आली, तेव्हा तर त्याने पेपरातून मान वर न काढता "ठीक आहे" म्हटलं. तेव्हापासून कानसेनांना एकच ध्यास होता. या माणसाच्या तोंडून एकदा "वा" काढायचं. बस, मग काही नको.

म्हणून मागच्या आठवड्यात सासऱ्यांकडे सगळे जेवायला बसलेले असताना त्यांनी जाहीर करून टाकलं, "साडूभाऊ, रविवारी दुपारी या. हेलिकॉप्टर डोक्यावरून नेतो."

"कोणाच्या?" सासऱ्यांनी घाबरून विचारलं होतं.

तर आज रविवार होता, सकाळ टळत आली होती, आणि हेलिकॉप्टर पुढे तळ ठोकून बसलं होतं.

कानसेनांनी आधी पडद्यावर शोधाशोध केली. एका कोपऱ्यात गाडीचं चित्र आणि त्यावर एक ठिपका होता. त्यांनी ठिपका बोटाने मागे ओढला. हेलिकॉप्टर एकदम मागे गेलं आणि तिथेच बसलं. ठिपका पुढे ओढला, पुन्हा पुढे. म्हणजे ते पुढे राहत होतं किंवा मागे राहत होतं, पण मधला प्रवास काही करत नव्हतं. एखाद्याने इथे थांबून पुस्तिका वाचली असती. पण पुस्तिका ही कान नसलेल्यांसाठी असते, असं त्यांचं मत होतं.

मग त्यांनी आपली खरी विद्या काढली. बोटाचं पेर वाकवलं आणि गाडीच्या आतून टकटक करत निघाले. पुढचं दार, टक टक, भरीव. मधला खांब, भरीव. मागचं उजवं दार, टक टक, आणि त्यांचे डोळे लकाकले. पोकळ. साफ पोकळ. म्हणजे लबाडांनी इथे स्पीकर बसवलाच नव्हता, नुसती जाळी लावून गिऱ्हाईकाच्या तोंडाला पानं पुसली होती.

वर जाऊन त्यांनी लोणी लावायची सुरी आणली. "कशाला हवी?" बायकोने विचारलं. "काही नाही," ते म्हणाले, आणि खाली येऊन जाळीच्या कडेत सुरी घातली. कट्कन आवाज झाला, जाळीची खुंटी तुटून सीटखाली गेली आणि जाळी हातात आली. आत स्पीकर होता. चांगला ऐटीत बसलेला होता. मूर्तिमंत पुरावा समोर दिसत असूनही कानसेनांना आपल्या पेराची शंका आली नाही. स्पीकरच आतून पोकळ असणार, असं म्हणून त्यांनी जाळी चिकटपट्टीने परत लावली. ती थोडी तिरकी बसली.

उरला शेवटचा उपाय. पडद्यावर 'मूळ स्थितीत आणा' असं एक बटण होतं आणि त्याच्याखाली लाल अक्षरांत बरंच काही लिहिलं होतं. लाल अक्षरं त्यांनी सोडून दिली आणि बटण दाबलं. गाडी क्षणभर अंधारली. मग तिने सगळंच मूळ स्थितीत आणलं. पुढच्या सीटवर बसलेले कानसेन सीटसकट हळूहळू पुढे सरकायला लागले आणि पोट स्टिअरिंगला टेकल्यावरच थांबले. आरसे आपापल्या मर्जीने वळले. आणि एक बाई अतिशय गोड आवाजात, कुठल्यातरी परक्या भाषेत, त्यांना काहीतरी विचारत राहिली. हेलिकॉप्टर मात्र होतं तिथेच होतं.

तेव्हा कुठे त्यांनी शोरूमला फोन केला. तिथून जो आला त्याच्या छातीवर 'ग्राहक आनंद अधिकारी' अशी पट्टी होती. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब्लेट, आणि वाक्यागणिक एक 'सर'. या माणसाला गाडीतलं काडीचंही कळत नव्हतं. पण टॅब्लेटवरचं वाचून दाखवताना आवाज असा लावायचा, जणू गाडी यानेच घडवली आहे. आल्याआल्या त्याने बटणं दाबून स्टिअरिंग आणि पोट यांची फारकत केली, भाषा परत आणली, आणि तपासणीचा आवाज लावला. एकेक स्पीकर पाळीपाळीने 'शूऽऽ' करून गप्प झाला. चिकटपट्टीवालासुद्धा.

"सगळे जिवंत आहेत सर. याला काय झालं सर?"

"तसाच आला होता," कानसेन म्हणाले.

अधिकाऱ्याने तिरक्या जाळीकडे पाहिलं, मग सीटवर पडलेल्या सुरीकडे पाहिलं, आणि नोकरी प्यारी असल्यामुळे पुढे वाचायला लागला. "सर, तुम्ही फोनवरून ब्लूटूथने लावताय. त्यातून फक्त डावं आणि उजवं येतं सर. वरचं आणि मागचं येतच नाही, तर गाडी कुठून देणार?"

"मग शोरूममध्ये कसं फिरत होतं?"

"त्या गाडीत गाडीचंच ॲप होतं सर, वरच्या वर्गाचं. तुम्ही गाडीच्या ॲपमध्ये तुमचं खातं उघडा, म्हणजे झालं."

कानसेनांनी खातं उघडलं. पडद्यावर अक्षरं आली आणि अधिकाऱ्याने, गरज नसताना, ती मोठ्याने वाचली. "आपण 'माहेर' या कुटुंब योजनेचे सदस्य आहात. आपला वर्ग साधा आहे. वर्ग बदलण्यासाठी खातेप्रमुखांची परवानगी घ्या." मग त्याने कानसेनांकडे वळून अतिशय हळुवारपणे विचारलं, "सर, एवढी गाडी घेतलीत आणि गाण्याचं खातं तुमचं स्वतःचं नाहीये?"

"नवीन काढतो."

"काढा ना सर. गाडीशी जोडायची परवानगी कंपनीकडून येईल. उद्या. आज रविवार सर."

एवढं बोलून आणि टॅब्लेटवर 'ग्राहक आनंदी' यावर खूण करून घेऊन तो निघून गेला.

'माहेर'. कानसेनांनी ते नाव पुन्हा एकदा वाचलं. त्यांच्या फोनमध्ये ते ॲप कधीतरी बायकोने घालून दिलं होतं. माहेर म्हणजे सासुरवाडी, आणि सासुरवाडीत अशा गोष्टी कळणारा माणूस एकच. म्हणजे इतकी वर्षं आपण साडूच्या दयेवर गाणी ऐकत होतो. बायकोला विचारावं तर गाडी वाजत नाही हे तिला सांगावं लागणार, आणि मग 'साधी घेतली असती तर' हे आयुष्यभर ऐकावं लागणार. त्यांनी दोन्ही अपमान तोलून पाहिले आणि साडूला फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून झालं, हवापाण्याची चौकशी झाली.

"ते गाण्याचं ॲप," कानसेन म्हणाले. "तुमच्या खात्यावर जरा एक परवानगी दाबाल का?"

"कशाला? अजून वाजत नाही वाटतं?"

"वाजतंय हो. अजून चांगलं वाजावं म्हणून."

"माझं नाहीच ते खातं," साडू म्हणाला. "मला बाबांनी जोडून दिलंय. निघतोच आहे मी, पोचतो."

सासऱ्यांना फोन लावला. "मला कुठलं येतंय ते, जावईबापू," सासरे म्हणाले. "मी आपला जुनी गाणी ऐकतो. ते तर तुमच्याच घरून आलंय. धाकटीने करून दिलं सगळ्यांना. तुम्हाला माहीत नाही?"

आता इलाज नव्हता. बायकोला खाली बोलावलं. ती पदराला हात पुसत आली, तिने तिरकी जाळी पाहिली, आपली सुरी पाहिली, आणि सुरी आधी ताब्यात घेतली.

"माझंच आहे ते खातं," ती म्हणाली. "म्हणजे तुमचंच. तुमच्याच कार्डावर आहे. दर महिन्याला हे कसले पैसे कापले म्हणून बँकेवर ओरडता ना, ते हेच."

"आणि तू सगळ्या माहेराला वाटलंस?"

"वाया जात होतं. सहा जणांना चालतं त्यात."

खरं तर इथे चिडायला हवं होतं. पण कानसेनांचा चेहरा खुलत गेला. म्हणजे साडू त्यांच्या दयेवर ऐकत होता. त्या पडद्यांच्या खोलीत, त्या आरामखुर्चीत बसून, हा नाकाने कांदे सोलणारा माणूस इतकी वर्षं त्यांच्या जिवावर ऐकत होता. त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी बायकोच्या पाठीवर थाप मारली.

"वरचा वर्ग घे. दाब लवकर, तो येतोय."

"अहो, पण इथे लिहिलंय की हे सगळ्या सदस्यांना..."

"वाचत काय बसलीस? दाब म्हटलं ना."

तिने दाबलं. आणि साडूची गाडी पार्किंगच्या उतारावरून खाली येत असताना, हेलिकॉप्टर बॉनेटवरून उठलं, छतावरून गेलं आणि मागच्या काचेपलीकडे उतरलं. कानसेनांना भरून आलं.

साडूला मागे मधोमध बसवलं. बायको आणि मेव्हणी बाहेर उभ्या राहिल्या. हेलिकॉप्टर एकदा गेलं, दुसऱ्यांदा गेलं. मग पाऊस पडला, तोही वरून पडला. कानसेन आरशातून साडूचं तोंड बघत होते. ते तोंड जरासं उघडलं. कानसेनांनी श्वास रोखला.

"ठीक आहे," साडू म्हणाला. "ही जाळी तिरकी आहे तुमची."

चहा पिऊन पाहुणे गेले. कानसेन सोफ्यावर भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. दगडाला पाझर फुटेल, पण या माणसाला फुटणार नाही, असं त्यांनी भिंतीला सांगितलं. दिवेलागणीला फोन वाजला. साडू होता, आणि आवाज कधी नव्हे इतका चढलेला होता.

"अहो, वा! खातं तुमचंच आहे म्हणाले बाबा, आमच्याकडे पण आलं की ते. काय चीज आहे! हेलिकॉप्टर पडद्यातून निघतं, खुर्चीवरून जातं आणि मागच्या भिंतीतून बाहेर पडतं. मी खाली वाकलो हो. तुमच्या गाडीत काय, जागाच नाही त्याला फिरायला. पुढच्या रविवारी या ऐकायला."

कानसेनांनी फोन ठेवला आणि बायकोकडे पाहिलं.

"मी वाचत होते तर तुम्ही दाब म्हणालात," ती म्हणाली.

"त्याला काढता येतं का त्यातून?"

"येतं की. पण तसं ताईला तुम्हीच सांगायचं. आणि बाबांनाही."

कानसेनांनी कोणालाच काही सांगितलं नाही. पुढच्या रविवारी ते साडूकडे गेले, मनाशी पक्कं ठरवून गेले की काहीही ऐकलं तरी तोंडातून एक अक्षर काढायचं नाही. साडूने त्यांना आरामखुर्चीत बसवलं आणि पडदे ओढले. हेलिकॉप्टर निघालं. ते आलं, खोली थरथरली, पंख्यांचा वारा टाळूला लागतोय असं वाटलं, आणि ते इतकं सावकाश, इतकं खरंखुरं मागे गेलं की कानसेन मान वळवून पडद्याकडे बघत राहिले.

"वा," त्यांच्या तोंडून निघून गेलं.

दारात मेव्हणी आणि बायको उभ्या होत्या. दोघींनीही ऐकलं. साडूने शांतपणे पडदे उघडले, फोन हातात घेतला आणि त्यावरचं काहीतरी त्यांना दाखवलं.

"याच्याही वरचा एक वर्ग आहे म्हणे," तो म्हणाला. "बघा ना जमलं तर."