तळघरातली हाक

आमच्या कॉम्प्लेक्सच्या तळघरात दर महिन्याला एक माणूस येतो, सगळे दिवे घालवायला लावतो आणि त्या मिट्ट अंधारात उभा राहून मोठ्यानं विचारतो, "कोण हाय काऽऽ?" मग गप्प राहून उत्तराची वाट बघतो. तळघर रिकामं आहे हे त्याला चांगलं माहीत असतं, कारण आम्हा दुकानदारांना त्यानंच बाहेर काढलेलं असतं. तरी तो विचारतो. पुन्हा विचारतो. ऐकणाऱ्याच्या मानेवर काटा येईपर्यंत विचारत राहतो.

या माणसाचं नाव नामदेव भालेराव. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. मूळचे वरवंडचे, आता दौंडला राहतात, आणि त्यांचा धंदा म्हणजे धूर बाहेर काढणारे मोठे पंखे बसवायचे आणि सांभाळायचे. शिरूरला आमच्या कॉम्प्लेक्समध्ये ते एस्टीनं येतात. खांद्याला रेक्झिनची पिशवी, तिच्यात पाने-पकडी, टॉर्च, चहाचा थर्मास आणि उदबत्तीचा पुडा.

माझं मॅचिंग सेंटर या तळघरात आहे. ब्लाउज पीस, अस्तर, फॉल. वर रस्त्यावर कितीही ऊन असो, आमच्याकडे दिवा लावल्याशिवाय लाल आणि मरून यांतला फरक कळत नाही. तळघराला ना खिडकी ना झरोका. आग लागली तर धुरानं जायचं कुठं, म्हणून कोपऱ्यातल्या एका खोलीत पुरुषभर उंचीचा पंखा बसवलेला आहे. तो तळघरातली हवा ओढतो आणि पत्र्याच्या जाड नळातून थेट गच्चीवर फेकतो. दुकानदारांच्या संघटनेची मी सेक्रेटरी, म्हणून या पंख्याची देखभाल माझ्याकडे. बैठकीला मी उशिरा पोचले, तोवर बाकीच्यांनी मला निवडून टाकलं होतं.

पंखा बसवला तो दिवस मला आठवतो. साखळीनं टांगून ते धूड खाली उतरवलं, पायांखाली रबराच्या गाद्या घातल्या, बोल्ट आवळले. कॉम्प्लेक्सचे मालक रावसाहेब हातात नारळ घेऊन उभे. आता बटण दाबायचं, नारळ फोडायचा आणि पेढे खायचे एवढंच राहिलं होतं. आप्पांनी पाती हातानं फिरवून पाहिली, कान लावून ऐकलं, आणि म्हणाले, "दिवे घालवा." आम्हाला वाटलं, काही पूजा असेल. दिवे गेले. अंधारातून आवाज आला, "कोण हाय काऽऽ?" रावसाहेबांच्या हातातला नारळ खाली पडून कुठंतरी घरंगळत गेला. तो दिवे लागल्यावर माझ्या दुकानाच्या शटरखाली सापडला.

आगीत दिवे आधी जातात, म्हणून आप्पांची तालीम अंधारातच, आणि धुराला ते 'पाहुणा' म्हणतात. "पाहुणा वर बसतो, आपुन खाली बसायचं," असं सांगून त्यांनी आम्हा सगळ्यांना एकदा जिन्यापर्यंत रांगायला लावलं. मी नवी कोरी इरकल नेसले होते, तरी सोडलं नाही. "साडी धुता येती ताई. छाती न्हाई धुता येत." दुसरं त्यांचं पालुपद म्हणजे, "घाई कुणाला हाय?" हे ते इतक्या शांतपणे विचारतात की ज्याला घाई असते तोही उत्तर द्यायला कचरतो.

एकदा वरच्या रस्त्यावर लाइनीचं काम झालं आणि दुसऱ्या दिवसापासून पंखा लावला की तळघरात गारेगार वारा येऊ लागला. आम्ही खूश. फुकटचा एसी. गिऱ्हाइकं दोन पीस जास्त बघायला लागली. आप्पा आले, त्यांनी उदबत्ती पेटवून खोलीच्या दाराशी धरली, आणि धुराची रेघ पंख्याकडे जाण्याऐवजी उलटी त्यांच्याच तोंडावर आली. त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं चटका बसला. वायरी अदलाबदल होऊन मोटार उलटी फिरत होती. शेतातल्या पंपाची मोटार अशी उलटी फिरते हे आमच्याकडे कुणालाही ठाऊक असतं, पण पंप उलटा फिरला की पाणी येत नाही म्हणून कळतं. इथं वारा येत होता, म्हणून आम्ही आनंदात होतो. "ताई, आग लागली असती तर ह्यानं पाहुणा बाहेर न्हाई, जिन्यात ढकलला असता. तुमच्याच अंगावर," असं म्हणत त्यांनी वायरी बदलल्या. एसी गेल्याबद्दल शेजारचा मोबाइलवाला पुढं आठवडाभर कुरकुरत होता.

माझी एक पुतळी होती, शोभेची, पैठणी नेसवलेली. ती मी पंख्याच्या खोलीच्या भिंतीतल्या, हवा आत घेणाऱ्या जाळीपुढं उभी करत असे. एकदा मुद्दाम धूर करून घेतलेल्या चाचणीत आप्पांना टॉर्चच्या उजेडात कुणी बाई दिसली. "बाई, भाईर चला," म्हणाले. बाई हलेना. "घाबरू नका, मी हाय." बाई बोलेना. शेवटी तिला कमरेला धरून, खाली वाकत, खोकत, तिची समजूत घालत त्यांनी जिन्यापर्यंत आणलं आणि उजेडात बघितलं. मला हसू आवरेना. आप्पा मात्र हसले नाहीत. पुतळीच्या खांद्यावरचा पदर सारखा करून त्यांनी ती माझ्या हवाली केली.

हे सगळं गमतीत चाललं असतं, पण तो पत्र्याचा नळ पहिल्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांच्या भिंतीमागून जातो. खुर्चीत आ वासून बसलेल्या एका पेशंटला एक दिवस भिंतीतून खोल, लांबट आवाज आला, "कोण हाय काऽऽ?" तो तोंडातल्या कापसासकट जिना उतरला तो थेट स्टँडवर. तेव्हापासून आमच्या कॉम्प्लेक्समध्ये भूत आहे असं झालं. खरं काय ते आम्हाला ठाऊक, पण मोबाइलवाल्याला ते भूत फार आवडलं. नव्या माणसाला तो आवाज बारीक करून सांगायचा, "खाली एक जण हाय. हाका मारतो." आणि खरं सांगू? मलाही दिवे गेल्यावर तो आवाज ऐकवत नसे. त्यात नुसता प्रश्न नव्हता, आर्जव होतं. समोर कुणीतरी आहेच असं धरून चालल्यासारखं.

एकदा दुपारी माझ्या दुकानात चहा पिताना मी सरळ विचारलं, "आप्पा, सगळे बाहेर असतात. मग हाका कुणाला मारता?"

त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "भांडगावच्या बाजूला एका गोडावनात पंखा बसवला हुता मी. तिथं गठ्ठे पेटले. मी पंख्याच्या बटणापाशी. समदे भाईर आले म्हणले. मी आपली आत एक हाक मारली, कोण हाय का. कुणी बोललं न्हाई. दाबलं बटण. लई आवाज असतो ह्या पंख्याचा. मागनं गठ्ठ्यामागं एक जण घावला. गेलेला. वरडला बी असंल. पर माझ्याच पंख्याच्या आवाजात कुणाला ऐकू येणार?"

"पंखा लावला नसता तरी धुरानं..." मी म्हणाले.

"व्हय. समदे असंच म्हणले," आप्पा म्हणाले आणि त्यांनी उरलेला चहा पिऊन टाकला. त्या दिवसापासून ते दिवे घालवायला सांगत तेव्हा मी मुकाट घालवत असे. अशी चूक या माणसाच्या हातून दुसऱ्यांदा झाली तर तो जगायचा नाही, एवढं मला कळलं होतं.

आणि ती अगदी होता होता राहिली.

लग्नसराईच्या तोंडावर तपासणीचे साहेब येणार होते. पंखा पास झाला नाही तर तळघर बंद, म्हणजे आम्ही सगळे घरी. आप्पा सकाळीच आले. खोली पाहिली, पात्यांपुढची जाळी हलवून पाहिली, आणि स्टँडवर चहाला गेले. तेवढ्यात रावसाहेबांना जाळीवरचा गंज दिसला. साहेब काय म्हणतील! त्यांनी जाळी काढून रंगवून गच्चीवर वाळत टाकायला लावली, आणि झाडायला नुकतीच लागलेल्या केंदूरच्या सुमनबाईला सांगितलं, "पंख्याची खोली चकाचक कर." मग साहेबांना आणायला गाडी घेऊन गेले, आणि दोन्ही गोष्टी विसरले. जाळी नाही आणि सुमनबाई आत आहे, हे ना आप्पांना ठाऊक ना मला. त्या खोलीचं लोखंडी दार आपोआप लागतं आणि आतून उघडत नाही, हेही तोवर कुणाला कळायचं कारण नव्हतं.

साहेब आले. दुकानं रिकामी केली. आप्पांनी घमेल्यात निखारे घेऊन त्यावर नारळाच्या शेंड्या आणि ऊद टाकला. आम्ही चौघं जिन्याच्या तोंडाशी बटणापाशी उभे. दिवे गेले. धूर छताला लागून सरकत होता, टॉर्चच्या झोतात तेवढाच दिसत होता.

"कोण हाय काऽऽ?"

रावसाहेबांचं बोट हिरव्या बटणाकडे गेलं. आप्पांनी त्यांचं मनगट धरलं.

"घाई कुणाला हाय?"

"सायबांना!" रावसाहेब कुजबुजले.

"कोण हाय काऽऽ?"

आणि अंधारात, लांब कुठंतरी, कुणीतरी खोकलं. दाबून, तोंडावर हात ठेवून खोकावं तसं. साहेब एक पायरी वर चढले.

"काय न्हाई, पाहुणाच असंल तुमचा," रावसाहेब हसण्याचा प्रयत्न करत म्हणाले.

"धूर खोकत न्हाई, रावसाहेब." आप्पांनी टॉर्चचा झोत आत वळवला. "कोण हाय? बोला की! बोला!"

काही नाही. इतक्या विनवण्या करूनही काही नाही. आप्पांनी टॉर्च माझ्या हातात दिला, नाकाला रुमाल बांधला आणि भिंतीला हात लावून ते धुराखालून रांगत निघाले. ते दिसेनासे झाले. मग खोलीच्या दाराशी त्यांचा आवाज आला, पण ओरडून नव्हे, एखाद्याच्या ओसरीवर बसून बोलावं तसा.

"मी नामदेव भालेराव. वरवंडचा. पंख्याचं काम करतो. माणूस हाय मी."

मग दारामागून बाईचा आवाज, बारीक पण खमका.

"वरवंडात कुणाचे?"

"मारुती भालेरावाचा धाकला. बाजारतळामागं घर हाय आमचं."

आत विचार चालू असावा.

"बायको कुठली?"

"कुरकुंभची हुती. वारली."

"मग ओ!" आतून एकदम किंकाळीच फुटली. "ओ! हाय मी! सुमन! दार उघडा, मेले मी!"

मी दिवे लावले. सुमनबाई आप्पांच्या मागून आली, डोळे लाल, हातात झाडू तसाच. खोलीत पंख्याचं तोंड उघडं होतं आणि तिनं धुराला घाबरून दडण्यासाठी निवडलेला कोपरा बरोबर त्या तोंडाखाली होता. पदर पात्यांपासून हातभर. रावसाहेबांनी ते पाहिलं आणि स्वतःच जाळी आणायला गच्चीकडे पळाले. साहेबांनी चाचणी उद्यावर ढकलली आणि पहिल्यांदा कुणीतरी शहाण्यासारखं बोललं याचं मला बरं वाटलं.

आप्पांनी थर्मासमधला चहा ओतून सुमनबाईला दिला. तिनं झाडू न सोडताच कप धरला.

"बाई, एवढ्या हाका मारल्या," आप्पा म्हणाले. "का न्हाई ओ दिली?"

"आन् कशी देऊ?" ती उसळली. "अंधारात, वळख ना पाळख, कोण हाय म्हणून हाक मारतंय! अशा हाकंला ओ देत्यात व्हय? दिली की नेतंय धरून. आमच्या केंदूरला शेंबडं पोर बी सांगंल. आधी नाव सांगायचं की माणसानं!"

आप्पा तिच्याकडे बघत राहिले. इतका वेळ बघत राहिले की तिनं नजर खाली घातली.

"तवा मी बी न्हाई सांगितलं नाव," ते म्हणाले. कुणाला म्हणाले ते ठाऊक नाही. "नवीनच लागला हुता तो. मला वळखत बी नव्हता."

इतकी वर्षं आप्पांना वाटत आलं होतं, गोडावनातला तो माणूस ओरडला असेल आणि आपल्याला ऐकू आलं नाही. आता कळत होतं, तो कदाचित ओरडलाच नसेल. आप्पांच्याच हाकेला भिऊन गठ्ठ्यांमागं गप्प बसला असेल. यातलं कुठलं जास्त वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आप्पा उठले. आम्हाला वाटलं, निघाले. पण ते जिन्याच्या शेवटच्या पायरीवर जाऊन तळघराकडे तोंड करून उभे राहिले. दिवे चालू होते, धूर विरत चालला होता, माझी पुतळी दुकानात पैठणी नेसून उभी होती. त्यांनी हाक मारली. नेहमीसारखी लांबट नाही, साधी.

"किसन, मी नामदेव भालेराव. वरवंडचा."

त्या माणसाचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आप्पा तसेच थांबले होते, मान जराशी कलती करून.

सुमनबाईनं माझ्याकडे पाहिलं. तिला काय कळलं, किती कळलं, देव जाणे. तिनं कप पायरीवर ठेवला, डोक्यावरून पदर घेतला आणि हळूच म्हणाली, "ओ."