पावणेबाराचा भैरव

मुलांनो, एका जंगलात पहाट व्हायला कुणाची मंजुरी लागत नसे, तेव्हाची ही गोष्ट.

तिथं एक म्हातारा दयाळ पक्षी राहायचा. रोज तांबडं फुटायच्या आधी तो सावरीच्या शेंड्यावर बसून गायचा. त्या गाण्यानं सगळं जंगल जागं व्हायचं. आपण कुठला राग गातो, हे त्याला ठाऊक नव्हतं. मुलाला, निषादला, तो म्हणायचा, "माझं राहिलं. तू रीतसर शीक."

निषाद संगीत महाविद्यालयात गेला. तिथं बगळे सर भैरव शिकवत. एका पायावर उभे राहून, डोळे अर्धवट मिटून. मुलांना वाटायचं, सर तल्लीन झालेत. सरांचं लक्ष तळ्यातल्या माशावर असायचं.

"सर, भैरव पहाटेचा राग ना?" निषादनं एकदा विचारलं.

"हो. पेपरात तसंच लिहायचं."

"मग आपण तो पावणेबाराला का गातो?"

"बाळा, पहाटे कॉलेज बंद असतं."

पाच वर्षं निषाद पावणेबाराला भैरव गायला. पहिला आला. निकालाच्या आदल्या आठवड्यात त्याचे वडील गेले.

आता जंगलाला वेळेवर जाग येईना. सिंहमहाराजांनी जागा काढली : पहाटगायक, पात्रता पदवी. अर्ज एकच आला.

"उद्या गाऊन दाखव," सचिव कोल्हा निषादला म्हणाला. "महाराज उठले तर तू कायम. नाही तर सावरीच्या शेंड्यावर भोंगा बसवणार आहोत."

वडिलांच्या जागी भोंगा. निषाद अंधारातच शेंड्यावर जाऊन बसला. चोच उघडली. आवाज निघेना. त्याचा गळा पावणेबाराला उघडायचा.

तांबडं फुटलं. ऊन आलं. म्हातारपणानं झोप उडालेली सशीणमावशी खाली येऊन उभी राहिली.

"काय रे, नुसताच बसलायस?"

"आवाज लागत नाहीये, मावशी."

"तुझा बाप खोकत खोकत गायचा. पण गायचा."



पावणेबाराला भैरव लागला. एक सूर इकडचा तिकडे नाही. महाराज आळोखेपिळोखे देत गुहेबाहेर आले.

"वा. काय प्रसन्न पहाट आहे."

कोल्ह्यानं डोक्यावरच्या सूर्याकडे पाहिलं. मग महाराजांकडे पाहिलं.

"पहाटच आहे, महाराज."

"मग सूर्य इतका वर कसा?"

"लवकर आलाय. लेखी खुलासा मागवतो."

निषाद कायम झाला. तेव्हापासून त्या जंगलात पावणेबाराला पहाट होते. निषादला मात्र अंधारातच जाग येते. तो रिकाम्या शेंड्याकडे बघतो आणि पंखांत डोकं खुपसून पडून राहतो.

तात्पर्य : कुठला राग कुठल्या वेळी गावा, हे नीट पाठ करा, परीक्षेत विचारतात. नोकरीत महाराज किती वाजता उठतात, तेवढंच विचारून घ्या.