कारीनबाईंचा होस्टा

मालविकानं कुंडी बाल्कनीच्या सावलीत ठेवली. "बाबा, हा होस्टा आमच्या कारीनबाईंच्या आईच्या बागेतला. नॉर्वेहून आणलाय. त्या रजेवरून येईपर्यंत जपा. आई गेल्यापासून त्यांचा जीव आहे यात. आणि माझं प्रमोशन त्यांच्याच हातात आहे."

नाशिकच्या वाचनालयात उभी हयात घालवलेल्या देवव्रतांना झाडं पुस्तकात असली की बरी वाटत. दोहा शहरात मुला-सुनेकडे राहायला आल्यापासून सुनेनं प्रथमच काही विश्वासानं सोपवलेलं, म्हणून त्यांनी फोनवर होस्टाविषयी वाचायला घेतलं. थंड देशातलं, सावलीतलं झाड. हिवाळ्यात गारठ्यात झोपतं. झोप मिळाली नाही तर खंगतं. ही झोप दिसते कशी, हे पुढच्या भागात होतं. पण तो फक्त सभासदांना खुला होता. जन्मभर सभासदत्वाचे नियम पाळलेले देवव्रत तिथंच थांबले.

दोह्याच्या अल मन्सूरा भागातल्या त्या फ्लॅटमध्ये गारठा फक्त फ्रिजमध्येच होता. पाण्याच्या बाटल्यांसाठी ठेवलेल्या जुन्या फ्रिजमध्ये त्यांनी कुंडी सरकवली. मालविकानं विचारलं की ते "झोपलंय" म्हणत. हळूहळू पानं पिवळी पडली, लोळली आणि गेली. उरली नुसती माती.

घाबरून त्यांनी शेजारच्या सिताराला बोलावलं. ती रत्नागिरीची, घाबरणाऱ्यातली नव्हे.

"काका, हे खलास. पानं कशी होती?"

त्यांनी फोटो दाखवला.

"हे तर अळूच दिसतंय की. माझ्या बाल्कनीतलं न्या. बाईला काय कळणाराय?"

"पण हे चूक आहे, सितारा."

"चूक झालीय ती झालीच. आता झाकायचं तेवढं बघा."

कुंडीत अळू गेलं. जुना मातीचा गोळा फेकायला देवव्रतांचा हात धजेना. तो तेलाच्या डब्यात घालून त्यांनी बाल्कनीच्या कोपऱ्यात ठेवला.

कारीनबाई परतल्यावर जेवायला आल्या. कुंडीसमोर वाकून त्यांनी एकेक पान चाचपून पाहिलं. मग डोळे पुसत त्या म्हणाल्या की एवढी मोठी पानं आईच्या बागेतही कधी आली नव्हती. मालविकानं एकदा कुंडीकडे, एकदा सासऱ्यांकडे पाहिलं आणि आमटी वाढायला घेतली. जेवणानंतर बाई कुंडी घरी घेऊन गेल्या.

काही आठवड्यांनी भर दुपारी बेल वाजली. दारात कारीनबाई, हातात तीच कुंडी, वर काळा पडलेला चिखल. मागे मालविका, चेहरा उतरलेला. बाईंनी खालच्या आवाजात कबुली दिली की दरवर्षी त्या होस्टाला फ्रिजमध्ये झोपवतात, हे देवव्रतांना सांगायचं राहून गेलं होतं. या वेळी पानं सुरेख होती म्हणून उशीर केला, शेवटी ठेवलंच, आणि सगळं कुजलं. "आईचं झाड मी मारलं," असं म्हणून त्या खुर्चीत बसल्या.

देवव्रतांना आधी काहीच उलगडेना. मग बाल्कनीतला डबा आठवला. गेल्या चार-दोन दिवसांत त्यातून जांभळट टोकदार कोंब वर आले होते. रान उगवलंय असं समजून ते दयेपोटी पाणी घालत होते. त्यांनी डबा आणून बाईंसमोर ठेवला.

बाईंनी कोंबाला बोट लावलं. हा होस्टाच होता, यात त्यांना शंका नव्हती. "हे कसं केलंत?"

"फ्रिज," देवव्रत म्हणाले.

"मीही फ्रिजमध्येच ठेवलं होतं."

सगळं खरं सांगून टाकावं म्हणून देवव्रतांनी तोंड उघडलं. मालविकानं लगेच त्यांच्या हातात चहाचा कप दिला. बाई एकदा चिखलाकडे, एकदा कोंबांकडे पाहत राहिल्या आणि जाताना डबा छातीशी धरून घेऊन गेल्या. पुढच्या वर्षी तो इथंच झोपवायचा, असंही सांगून गेल्या.

दार लागल्यावर देवव्रत म्हणाले, "मालविका, तुला एक सांगायचं होतं. आधी दिलं ते अळू होतं."

"माहितीये की. मी बघताक्षणी ओळखलं."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, नॉर्वेत अळूलाच होस्टा म्हणतात."