बाईंच्या घड्याळाची कॉइल

घड्याळजींच्या हातून तार तुटली तेव्हा दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि बाई पाच वाजता येणार होत्या. बाई म्हणजे सातवीत त्यांना गणित शिकवणाऱ्या. पाच म्हणजे पाच. चार एकोणसाठला त्या दुकानाबाहेर येऊन थांबतील, पण आत पाय टाकतील तो पाचलाच.

काम खरं तर साधं होतं. चाळीस वर्षांपूर्वीचं क्वार्ट्झ घड्याळ, सेल संपलेला, नवा घालायचा. तो घातला, घड्याळ चालूही झालं. पण घड्याळजींची एक सवय होती. उघडलेल्या घड्याळाची कॉइल, म्हणजे काटे चालवणारं बारीक तारेचं वेटोळं, मल्टिमीटरने तपासल्याशिवाय ते झाकण लावत नसत, मग घड्याळ चालत असलं तरी. आज समोर बाईंचं घड्याळ आहे, या विचारातच मल्टिमीटरचं टोक घसरलं आणि केसाच्या चौथ्या हिश्शाएवढी तांब्याची तार तुटली. सेकंद काटा जागच्या जागी थांबला.

"मेलो," घड्याळजी म्हणाले.

पट्ट्यांच्या काउंटरवरून बायकोने मान वर न करता विचारलं, "आज कशाने?"

"बाईंचं घड्याळ मारलं मी."

"मग सांगून टाका ना. होतं माणसाच्या हातून."

"बाईंसमोर माणूस होता येत नाही गं. सहामाहीत माझी सगळी उत्तरं बरोबर होती, तरी शून्य दिलं होतं. मधल्या पायऱ्या खाल्ल्या म्हणून."

"वय काय हो तुमचं आता?"

"अठ्ठेचाळीस. बाईंसमोर बारा."

त्यांनी धंद्यातल्या सगळ्यात जुन्या काकांना फोन लावला. घड्याळातल्या मशीनचा नंबर ऐकताच काका वैतागले.

"अरे, ते मशीन बनायचं बंद होऊन वीस वर्षं झाली. माझ्याकडे तीन होती, तिन्हींच्या कॉइल बसल्या बसल्या गेल्या. त्याला हात कशाला लावतोस तू?"

"लावला, काका."

"मग बाहेरगावी जा थोडे दिवस."

आता एकच उपाय उरला होता. तुटलेलं टोक शोधायचं, एक वेढा उलगडायचा आणि पुन्हा सोल्डर करायचं. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं.

"पंखा बंद कर."

"उकडतंय."

"आणि श्वास हळू घे."

पहिल्या वेळी तार वितळली. दुसऱ्या वेळी ती भिंगातून दिसेनाशीच झाली आणि शेवटी घड्याळजींच्या भुवईत सापडली. तिसऱ्या वेळी नेमकं एक गिऱ्हाईक "पट्टा दाखवा" म्हणत आत आलं. घड्याळजी असे काही किंचाळले की ते उलट्या पावली बाहेर गेलं. चौथ्या वेळी, चार वाजून बावीस मिनिटांनी, टाका बसला. काटा हलला!

पण तो जरा जास्तच हलला. दोन सेकंद गप्प उभा राहायचा आणि मग एकदम दोन घरं उडी मारायचा.

घड्याळजींना कारण लगेच कळलं. वारंवार चटका देऊन आतले काही वेढे एकमेकांना चिकटले होते, त्यामुळे कॉइल जास्त वीज खात होती. सेल संपत आला की अशी घड्याळं दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारून मालकाला सावध करतात. नवाकोरा सेल पोटात असूनही या घड्याळाला वाटत होतं की आपलं आता काही खरं नाही. घड्याळजींनाही तेच वाटत होतं.

"वेळ बरोबर दाखवतंय ना? झालं तर," बायको म्हणाली. "सत्तरी उलटलेल्या बाई त्या. एवढासा काटा दिसणार आहे का त्यांना?"

"फळ्याकडे तोंड करून त्यांना शेवटच्या बाकावरची चिठ्ठी दिसायची."

पाच वाजले. बाई आत आल्या.

त्यांनी घड्याळ मनगटावर चढवलं आणि डोळ्यांजवळ नेलं. दहा सेकंद, म्हणजे पाच उड्या, दुकानात कोणी हललं नाही.

"हा एक सेकंद आड का पळतोय रे?"

घड्याळजींनी अर्धा तास घोकलेलं उत्तर होतं: जुनी घड्याळं अशीच चालतात. त्यांनी तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. "बाई, मी मोडलं. चालू होतं, मी उगाच तपासायला गेलो." मग सगळंच आलं. घसरलेलं टोक, चार प्रयत्न, चिकटलेले वेढे, आता सेल दोन महिनेही पुरणार नाही हेसुद्धा.

"खोटं सांगायचं ठरवलं होतंस?"

"पाच वाजेपर्यंत, हो."

पैसे द्यायला उघडलेली पर्स बाईंनी बंद केली. "शाळेला पंचवीस वर्षं झाली तेव्हा आम्हा सगळ्या शिक्षकांना हेच घड्याळ मिळालं होतं. बाकीच्यांची बंद पडलीत. एकाने दुरुस्तीला दिलं, तर दुकानदाराने गुपचूप भलतंच मशीन घालून परत केलं. म्हणून म्हटलं, आधी माझं देऊन बघावं. तू काय करतोस त्यापेक्षा काय सांगतोस ते बघायचं होतं."

"मग... पास?"

"पास. उद्या सगळे येतील आपापली घेऊन. अकरा जण आहेत."

घड्याळजींनी काउंटरची कड धरली. "सगळे? म्हणजे पी.टी.चे सरही?"

"ते तर सगळ्यांच्या आधी. साडेआठला येतो म्हणालेत."

"दुकान दहाला उघडतं, बाई."

बाईंनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं.

"सव्वाआठला उघडतो," घड्याळजी म्हणाले.